‘एकरूप संख्या’ म्हणावे की ‘समशेष संख्या’?

‘मापांक ७ असताना ३ शी एकरूप असणाऱ्या संख्या शोधा’ असे वाक्य एका टिपणात वाचनात आले (मापांक म्हणजे ज्या संख्येने भागून बाकी पाहायची ती संख्या); भूमितीतला ‘एकरूप’ हा शब्द येथे योग्य आहे का, आणि अशा संख्या शोधायच्या कशा, असा प्रश्न आहे.

आधी संख्या पाहू. ३ मध्ये ७ मिळवत गेले की १०, १७, २४, ३१ अशा संख्या मिळतात, आणि ७ वजा करत गेले की −४, −११. या साऱ्यांना ७ ने भागले की बाकी ३ च उरते. ७३१ ही संख्याही यांतलीच, कारण ७२८ ला ७ ने पूर्ण भाग जातो. आता ३ आणि ७३१ यांच्या रूपात काय एक आहे? भूमितीत एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवला की तो तंतोतंत जुळतो, म्हणून तेथे ‘एकरूप’ हा शब्द चपखल बसतो. संख्यांमध्ये मात्र रूप निरनिराळे आणि बाकी तेवढी सारखी असते. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात अशा संख्यांसाठी ≡ ही खूण आणि ‘जुळणारा’ अशा अर्थाचा शब्द योजला. लॅटिनमधला तो अर्थ सैल असल्याने दोन्हीकडे चालून जातो. आपल्या ‘एकरूप’मधला ‘रूप’ मात्र वाचकाचे लक्ष आकृतीकडे ओढतो.

म्हणून मी ‘समशेष’ हा शब्द सुचवेन : ज्यांचा शेष समान आहे अशा संख्या. ‘सम’ म्हटल्यावर कोणाला सम-विषम आठवेल, ही शंका रास्त आहे; परंतु समवयस्क माणसांचे वय सम असते असे आपण समजत नाही, तसेच हे. ‘एकशेष’ हा शब्दही सुचतो, पण संस्कृत व्याकरणात त्याला वेगळा अर्थ आहे (दोन शब्दांपैकी एकच उरून तो दोघांचा अर्थ सांगतो, जसे ‘पितरौ’ म्हणजे आई आणि वडील), त्यामुळे तो टाळावा.

ही कल्पना आपल्याला परकी मुळीच नाही. शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि उरलेल्या बाकीइतकी घरे साठ संवत्सरांच्या यादीतल्या पहिल्या, म्हणजे प्रभवापासून मोजावीत, म्हणजे संवत्सराचे नाव मिळते. शके १९४७ घेतल्यास बेरीज १९५९ होते, बाकी ३९ उरते, आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसु होय. ‘विश्वावसु संवत्सर कोणत्या शकांत येतो?’ असे विचारणे म्हणजे मापांक ६० धरून १९४७ शी समशेष असणारे शक विचारणे : १८२७, १८८७, १९४७, २००७. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय संवत्सर धरायचा, एवढे ध्यानात ठेवावे.

ऋण संख्यांपाशी मात्र थोडे थांबावे लागते. −४ ला ७ ने भागताना पुष्कळ जण बाकी −४ लिहितात आणि मग ही संख्या ३ शी समशेष कशी, असे विचारतात. भागाकार −१ घेतला की बाकी ३ येते, कारण −७ मध्ये ३ मिळवले की −४ होतात. तरीही घोळ वाटल्यास बाकी बाजूला ठेवावी आणि दोन संख्यांची वजाबाकी करावी. तिला मापांकाने पूर्ण भाग गेला की त्या संख्या समशेष. ३ मधून −४ वजा केल्यास ७ उरतात, म्हणजे निकाल लागला.

राहिला विभक्तीचा प्रश्न. ‘३ ला समशेष’ असेही कोणी लिहील, पण समान, सदृश, एकरूप या शब्दांप्रमाणे येथेही ‘शी’ हाच प्रत्यय मराठीच्या वळणाचा आहे. तेव्हा टिपणातले वाक्य ‘मापांक ७ असताना ३ शी समशेष असणाऱ्या संख्या शोधा’ असे लिहावे.