मरळ मागे येतो, पण गळाला लागत नाही

प्रश्न : पंचगंगेच्या काठी मी स्पिनरबेट (वाकवलेल्या तारेच्या वरच्या टोकाला फिरते धातूचे पाते आणि खालच्या टोकाला गळ असलेले कृत्रिम आमिष) वापरून मरळ धरण्याचा प्रयत्न करतो. मासा आमिषाच्या मागे येतो, पण गळाला लागत नाही. पाते बदलावे की ओढण्याची पद्धत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी पद्धत बदलून पाहावी. एकाच गतीने सरळ ओढलेल्या आमिषामागे मासा बऱ्याचदा नुसताच येत राहतो; म्हणून जलपर्णीच्या कडेशी पोहोचताच रीळ क्षणभर थांबवावे, म्हणजे पाते थरथरत खाली जाते, गळाभोवतीची रबरी झालर फुलते आणि बहुधा तेव्हाच झटका बसतो. तरीही मासा हुकत असेल, तर मुख्य गळाच्या मागे एक जादा गळ जोडावा. अर्थात तो वेलींत अडकणार, हे गृहीत धरावे.

पाते पाणी पाहून निवडावे. पावसाळ्यात नदीचे पाणी तांबडे, गढूळ असते तेव्हा गोलसर कोलोरॅडो पाते बरे, कारण ते संथ ओढले तरी जोरदार कंपने निर्माण करते आणि माशाला ती अंगावरील पार्श्वरेषेने जाणवतात. निवळ पाण्यात अरुंद, लांबट पाते अधिक चमकते व वेगाने ओढता येते. वरची तार वाकडी झाली असेल, तर ती गळाच्या रेषेत आणावी, अन्यथा आमिष एका अंगावर कलते.

रोहू-कटल्यासाठी मात्र यावर पैसे घालवू नयेत. ते पाठलाग करून शिकार करणारे मासे नव्हेत.

तांबूस पिलांच्या थव्याजवळचा मरळ सोडून द्यावा. तो राखण करत असल्याने आमिषावर सहज झडप घालतो, पण त्याला धरले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.