धंद्यात एकामागून एक फटके बसत असताना मन कसं सांभाळायचं? देवावरच्या श्रद्धेचा खरंच उपयोग होतो का?

बेकरीचं दुसरं दुकान बंद करावं लागलं, ओव्हनच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि वर घरचे म्हणतात, "देवाचं काही करत नाहीस म्हणून हे होतंय." तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. बाकीच्या उत्तरांत कुणी सकारात्मक विचार करा म्हणतंय, कुणी ध्यान करा म्हणतंय. एकाने तर श्रद्धा हे दुबळ्यांचं काम असं लिहिलंय. मला यातलं काहीच पटलं नाही.

माझं मत आधी सांगून टाकते. श्रद्धेचा उपयोग होतो, भरपूर होतो. पण नुकसान का झालं याचं उत्तर तिच्याकडे मागू नका. ते उत्तर वहीत असतं, बाजारात असतं, कधी आभाळात असतं. आणि तुमच्या नुकसानाचं खापर तुमच्या देवपूजेवर फोडणारा माणूस घरातला असला, वयाने मोठा असला, तरी त्याचं ऐकू नका. नमस्कार जरूर करा, ऐकू नका.

आमचं सांगलीत कापडपेठेच्या बाजूला मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल, पिको. दुकान माझे यजमान आणि मोठे दीर, दोघांच्या भागीदारीत. हिशोब, स्टॉक आणि बँकेची कामं माझ्याकडे.

ऑगस्ट २०१९. सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला भेटलं की "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि बऱ्याच दुकानांत भिंतीवर त्या पाण्याची खूण जपून ठेवलेली होती. आमच्याकडेही होती. सगळा बाजार त्या खुणेच्या भरवशावर. खुणेच्या वर माल चढवला की झालं, असंच सगळे धरून चालले होते.

पाणी चाळिशीच्या पुढे सरकलं तेव्हा मी म्हटलं, चांगला माल टेम्पोत घालून विश्रामबागला घरी हलवू या. मोठे भाऊजी म्हणाले, "खुणेच्या वर रचलाय ना? बाकी दत्तमहाराज बघतील. एवढा विश्वास नाही का तुमचा?"

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. कारण आम्ही वाडीचे भक्त. नरसोबाच्या वाडीला कृष्णा चढली की दक्षिणद्वार सोहळा होतो, पादुकांवरून आलेलं पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं आणि लोक त्यात स्नान करतात. तेच पाणी आमच्या बाजारात शिरतं. आम्ही त्याला कृष्णामाई म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण पाणी आणखी वाढलं की वाडीचे पुजारी काय करतात? उत्सवमूर्ती उचलतात आणि वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. महाराज बघतील म्हणून मूर्ती पाण्यात सोडून कुणी घरी जात नाही. मग त्यांची श्रद्धा भाऊजींपेक्षा कमी का? मी हे तेव्हाच बोलले. भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. यजमानांनी मात्र टेम्पो बोलावला. टू बाय टू रुबिया, खणाचे पीस आणि नवीन आलेले भरजरी पीस तेवढे घरी पोचले. मग रस्ते बंद झाले.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची खूण पाण्याखाली गेली आणि तिच्या भरवशावर रचलेला माल भिजला. आमचाच नाही, अख्ख्या पेठेचा.

पाणी ओसरल्यावर शटर वर जाईना, खालच्या पट्टीत गाळ घट्ट बसलेला. आत प्लायवूडचे रॅक फुगले होते आणि त्यांत ठासून भरलेली ठाणं इतकी आवळून बसली होती की दोघांनी ओढली तरी निघत नव्हती, शेवटी रॅक तोडले. लाल पॉपलीनचा रंग पांढऱ्या अस्तरात उतरला होता. फॉलच्या गुंडाळ्या बाहेरून कोरड्या दिसत होत्या, उलगडल्या की आत काळपट बुरशी. हुकांची खोकी गंजून एकेक लोखंडाचा गोळा झालेला. आणि तो वास. ज्यांनी महापूर पाहिलाय त्यांना सांगावा लागत नाही.

रस्त्यावर महापालिकेचे ट्रॅक्टर फिरत होते आणि लोक सगळा माल त्यात टाकत होते. भाऊजीही टाकायला निघाले. "देवाने नेलं, आता बघायचं तरी कशाला?" मी दारात उभी राहिले आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत एक गठ्ठाही हलवू दिला नाही. स्टॉकची दुसरी वही घरी होती. ठाण आणि ठाण मोजून, फोटो काढून, रंगवार यादी केली. विम्याचा क्लेम मिळाला तो त्या यादीमुळे. कमी मिळाला, ते वेगळं. भिजलेल्या मालाची किंमत त्यातून वजा झाली आणि तो माल आमच्याकडेच राहिला. तो धुऊन, गच्चीवर वाळवून आम्ही मातीमोलाने विकला, आणि घ्यायला बायकांची रांग लागली होती.

खरी जखम त्यानंतरची. घरात बैठक झाली तेव्हा भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, आदल्या वर्षी दुकानातली सत्यनारायणाची पूजा चुकली, हिशोब धाकटीच्या हातात गेल्यापासून कुलाचार मागे पडले, त्याचं हे फळ. पूजा चुकली होती हे खरं. सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. पण आमच्या शेजारच्या दुकानात दरवर्षी पूजा होते, गुरुजी येतात, अख्ख्या पेठेला प्रसाद असतो. त्यांच्याकडेही आमच्याएवढंच पाणी होतं. माझ्या एका चुकलेल्या पूजेसाठी कृष्णामाई त्या बिचाऱ्यांचं दुकान बुडवेल? असला हिशोब ठेवणारा देव मी मानत नाही. मी ज्याला मानते तो असा नाही.

मग दुकानाची शांती आणि दार फिरवून घेणं निघालं. जो खर्च सांगितला गेला त्यात इचलकरंजीच्या दोन व्यापाऱ्यांची देणी भागत होती. मी म्हटलं, आधी देणी. ज्याने विश्वासावर माल दिला त्याचे पैसे अडकवून आपण होम करायचा, हे कुठल्या देवाला आवडेल? यावर जे झालं ते इथे लिहीत नाही. पण पैसे इचलकरंजीला गेले. सगळे नाही, जमतील तेवढे. त्यातले एक व्यापारी, ज्यांच्या स्वतःच्या गोदामात पंचगंगेचं पाणी शिरलं होतं, फोनवर म्हणाले, "वहिनी, उरलेल्याचं दिवाळीनंतर बघू. माल कुठला पाठवू ते सांगा." त्या नव्या मालावर आम्ही दिवाळी केली. लक्ष्मीपूजनाला रॅक अर्धे रिकामे होते, पण दुकान उघडं होतं.

भाऊजींना तेव्हा वैराग्यही आलं होतं. दुकान विकू, तुकोबांनी नाही का कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, म्हणायचे. तुकोबांचं नाव निघालं की आपल्याकडे सगळे गप्प होतात, मी झाले नाही. तुकोबा वाण्याचा धंदा करणारे, दुष्काळात दिवाळं निघालेले, घरचं माणूस अन्नावाचून गेलेलं. धंद्यातला फटका काय असतो ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि ती खतं बुडवण्याआधी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हातात दिला असं सांगतात. बुडवली ती आपल्या वाट्याची. भाऊजींना मी तेवढंच म्हटलं, तुमच्या वाट्याचं काय ते तुम्ही बघा, आमच्या वाट्याचं दुकान चालणार.

असो, तुमच्या प्रश्नाकडे येते. मन कसं सांभाळायचं?

मी एक नेम केला. सकाळी शटर वर घ्यायचं, झाडून घ्यायचं, दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावायचा. दिवा लागेपर्यंत हिशोबाचा विषय नाही आणि दिवा लागल्यावर रडणं नाही. रॅक रिकामे असतानाही हे चुकवलं नाही. देवाने गिऱ्हाईक पाठवलं की नाही मला सांगता येणार नाही, पण उघडं दुकान दिसलं म्हणून गिऱ्हाईक आलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्यासाठी श्रद्धा म्हणजे हे. जे माझ्या हातात नाही ते दिव्यापाशी ठेवायचं आणि जे हातात आहे ते रात्री वहीत लिहायचं. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, उद्या कुणाला फोन करायचा. ही यादी डोक्यात ठेवली की छातीवर दगड बसतो. कागदावर उतरली की तो आकडा असतो, आणि आकड्याशी बोलता येतं.

पुढचा फटका फार लांब नव्हता. २०२० च्या लग्नसराईसाठी माल भरला आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा धोक्याच्या बरंच वर गेलं. तेव्हा मात्र खुणेचा विषयच निघाला नाही, सगळा माल आधीच विश्रामबागला होता. टेम्पो भाऊजींनी स्वतः बोलावला होता. ते यावर काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण नुसत्या मनाने धंदा उभा राहत नाही. विमा उतरवताना पूर त्यात आहे का, हे स्वतः वाचा. मालाची किंमत कमी दाखवून हप्ता वाचवू नका. बारा लाखांचा माल असताना सहा लाखांचाच विमा असेल, तर भरपाईही त्याच प्रमाणात निम्मी होऊन चार लाखांच्या नुकसानीला दोनच मिळू शकतात. २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, तिच्यात या बाबतीत थोडी सवलत आहे, तिची चौकशी करा. बँकेला दर महिन्याला दाखवलेला स्टॉक आणि तुमच्या वहीतला स्टॉक जुळला पाहिजे, सर्व्हेअर दोन्ही मागतो. आणि नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वळती घेतलेली रक्कम, परत करावं लागतं. हे ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

आता हेही सांगायला हवं. माझ्या पाठीशी यजमान होते, राहतं घर कोरडं होतं. ज्यांचं घरही गेलं त्यांना मी "दिवा लावा" असं सांगायला जाणार नाही. काही धंदे बंद करणंच योग्य असतं. तुम्ही दुसरं दुकान बंद केलंत यात देवाचा कोप नाही, आणि पहिलं वाचवण्यासाठी केलं असेल तर शहाणपणच आहे. खासगी सावकाराच्या दारात मात्र जाऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर देवळाच्या आधी डॉक्टरकडे जा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पेठेतल्या एका भल्या माणसाला आम्ही सगळे "नामस्मरण करा" सांगत राहिलो. त्यांना सावरलं ते गोळ्यांनी, आणि नामस्मरण ते आजही करतात.

तुमच्यापुरतं म्हणाल तर ओव्हनच्या कर्जासाठी बँकेत या आठवड्यातच जा. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्जांत, जातं, मग मॅनेजरची इच्छा असूनही त्याचे हात बांधलेले असतात. त्याआधी गेलात तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते. जाताना चालू दुकानाची रोजची विक्री लिहून न्या. आणि घरात पुन्हा शांतीचं निघालं, तर मैदावाल्याची आणि डालडावाल्याची उधारी किती आहे ते सगळ्यांसमोर मांडा. आधी ती द्या. मग पूजा घाला, घरच्या घरी, साधी, आणि प्रसादाचा शिरा त्या मैदावाल्यालाही पाठवा.