जुन्या लॅपटॉपला पितळी साज
प्रश्न : जुन्या लॅपटॉपला स्टीमपंक (वाफेच्या इंजिनांच्या काळातील यंत्रांसारखे) रूप देण्याच्या पहिल्याच प्रयत्नात मी झाकणावर पितळी पत्रा आणि घड्याळाची चाके चिकटवली, परंतु तेव्हापासून वाय-फाय क्षीण झाले आहे. काय चुकले?

उत्तर : वाय-फायचे अँटेना बहुधा पडद्याच्या वरच्या कडेला, झाकणाच्या आत असतात आणि धातूचा पत्रा रेडिओलहरी अडवतो, म्हणून तेवढ्या भागातील पत्रा कापून तेथे पातळ लाकडी पट्टी किंवा चामडे लावावे, जे या शैलीला पितळेइतकेच शोभते. पंख्याच्या जाळ्याही मोकळ्या ठेवाव्यात. पितळ विद्युतवाहक असल्याने सुटलेले चाक आत पडल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते, यासाठी पुढचे काम चार्जर व बॅटरी काढूनच करावे. खरी चाके वापरण्याची आपली कल्पना मला मनापासून आवडली. मात्र बिजागऱ्यांवर भार पडू नये म्हणून ती हलकीच निवडावीत.