डोळ्यातले घड्याळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूत असते, असे आम्ही शिकलो. मग डोळ्यात स्वतंत्र घड्याळ आहे, हे कशावरून?

उत्तर : मेंदूतले घड्याळ आहेच, आणि त्याची वेळ डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशानेच जुळते, परंतु डोळा नुसता निरोप्या नव्हे. १९९६ साली तोसिनी आणि मेनाकर या संशोधकांनी सोनेरी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याचे दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पडदा) शरीराबाहेर २७ अंश सेल्सिअसला जिवंत ठेवले, तेव्हा त्यातील मेलॅटोनिन या रात्री वाढणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती निदान पाच दिवस ठरल्या वेळी वाढत आणि घटत राहिली. अंधारातही हे चक्र थांबले नाही. मला अधिक बोलका वाटतो तो याच प्रयोगाचा दुसरा भाग : ‘टाऊ’ या जनुकीय बदलामुळे ज्या हॅमस्टरांचे दैनिक चक्र चार तासांनी आखूड झालेले असते, त्यांच्या दृष्टिपटलाचे चक्रही, मेंदूशी संबंध तुटलेला असताना, आखूडच भरले. बेडकाच्या डोळ्याबाबत स्वतंत्र घड्याळाचा पुरावा १९८३ सालीच मिळाला होता.

प्रश्न : जनुके हे घड्याळ कसे चालवतात?

उत्तर : ‘क्लॉक’ आणि ‘बीमल-१’ या जनुकांची प्रथिने जोडीने ‘पर’ आणि ‘क्राय’ ही जनुके चालू करतात, त्यांपासून बनलेली प्रथिने साचली की त्याच जोडीला रोखतात, आणि ती नष्ट झाल्यावर फेरा पुन्हा सुरू होतो. एका फेऱ्याला सुमारे २४ तास लागतात.

प्रश्न : उजेड पडला की डोळ्याला कळतेच, मग घड्याळ हवे कशाला?

उत्तर : काही कामे वेळेवरच व्हावी लागतात. दृष्टिपटलातील दंडपेशी मंद उजेडात पाहण्याचे काम करतात; त्यांच्या बाह्यखंडाचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या टोकाचा, सुमारे दहावा हिस्सा रोज गळतो आणि त्यामागचा रंजकथर तो गिळून टाकतो. उंदीरवर्गीय प्राण्यांत ही गळती उजाडल्यावर लगेच होते, आणि प्राणी अंधारात ठेवला तरी तिची वेळ टळत नाही. केवळ दृष्टिपटलातून ‘बीमल-१’ काढून टाकलेल्या उंदरांत, मेंदूतले घड्याळ शाबूत असूनही, प्रकाशाला मिळणाऱ्या विद्युत प्रतिसादातला दैनिक चढउतार नाहीसा होतो.

प्रश्न : आजोबांना अजिबात दिसत नाही. त्यांना सकाळी अंगणात बसवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : अंधत्वाच्या कारणावर ते अवलंबून आहे. दृष्टिपटलातील मोजक्या चेतापेशींत मेलॅनॉप्सिन हे प्रकाशग्राही प्रथिन असते आणि त्या पेशी मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची वर्दी देतात. त्या टिकून असतील, तर दृष्टी गेलेल्या माणसाचेही मेलॅटोनिन प्रखर प्रकाशात घटू शकते. डोळे काढावे लागले असतील किंवा दृष्टिचेता पूर्ण निकामी असेल, तर हा मार्ग बंद होतो. नेत्रतज्ज्ञांना नेमके एवढेच विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत आजोबांना अंगणात जरूर बसवावे.