सध्या काय वाचताय आणि दुसऱ्याला काय सुचवाल?

मी 'कोसला' कादंबरी परत काढलीये, तिसऱ्यांदा. आमची केळी आहे रावेरकडे आणि या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, मग मोटर चालू केली की ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मधल्या वेळात शेडमध्ये मोबाईलच्या बॅटरीवर वाचायचं, पानावर किडे येऊन पडतात, फुंकर मारायची अन पुढं चालू. लेखक भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातले, पुस्तक आलं १९६३ साली, पण गावाकडचा पोरगा पुण्यात शिकायला जातो अन बापाचे पैसे उडवून परत येतो हे आजही तसंच आहे भो. कॉलेजात असताना हसत वाचलं होतं, आता त्या पोराची धाकटी बहीण मनी मरते तिथं पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो. पहिली पन्नास पानं कंटाळा आला तरी सोडू नका.

सुचवायचं म्हणाल तर बहिणाबाईंची गाणी, पण मनात नाही, मोठ्यानं वाचा, आणि घरात त्या गाण्यांतली लेवा बोली बोलणारं म्हातारं माणूस असेल तर त्याच्यासमोर. मी आजीला वाचून दाखवतो तर ती वाती वळता वळता माझे उच्चार सुधारते, वर म्हणते तुले बोलताच येत नाही. बहिणाबाई असोद्याच्या, स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी वगैरे उतरवून ठेवलं म्हणून १९५२ ला, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. आमची प्रत सध्या आत्याकडे अडकलीये, मागितली की म्हणते दोन दिवसांनी देते, दिवाळीपासून चाललंय हे.