नस बंद केली तर रक्त वर जाणार कुठून?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार. वय ४६, जिंतूरला कटिंगचं दुकान आहे, २५ वर्षं झाली दिवसभर उभंच. डाव्या पायाच्या नसा दोरीसारख्या फुगल्यात, संध्याकाळी पाय लई जड पडतो, आता घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडून खाज सुटती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं चिरफाड नाही, नळी घालून नस आतूनच बंद करू. घरचे म्हणतात नसच बंद केली तर रक्त वर जाणार कुठून, पाय निकामी होईल. काय करावं?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर: दादा, घरच्यांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. पण पायातलं जवळपास ९० टक्के रक्त खोलवरच्या मोठ्या शिरांतून वर जातं, फुगलेली दिसती ती कातडीजवळची. तिच्यातल्या झडपा सैल झाल्यात, म्हणून वर चढलेलं रक्त परत घोट्याकडं उतरतं आणि तिथंच साचतं. ती नस तशीही कामातून गेलेली आहे, बंद केली की रक्त चांगल्या वाटेनं जातं.

मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी डॉपलर सोनोग्राफी (नसेतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतं ते दाखवणारी), आणि तीही उभं राहून, कारण झोपल्यावर रक्त उलटं येताना नीट दिसत नाही. ही तपासणी झाली नसेल तर आधी ती करा.

करतात काय, तर गुडघ्याजवळ सुई टोचून सोनोग्राफीत बघत बारीक नळी (कॅथेटर) मांडीपर्यंत सरकवतात, नसेभोवती भुलीचं पाणी सोडतात, त्यानं दुखतही नाही आणि आजूबाजूला चटकाही बसत नाही. मग लेझरनं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं (म्हणजे रेडिओ लहरींच्या उष्णतेनं; यात नळीचं टोक साधारण १२० डिग्री तापतं, एकेका तुकड्याला २० सेकंद) नस आतून शेकत नळी मागं घेतात. त्याच दिवशी चालत घरी. चालायचंच, पडून राहायचं नाही, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. काही दिवस निळे डाग, ओढल्यासारखं दुखणं, कुणाला थोडा बधिरपणा राहतो. पोटरी अचानक सुजून दुखली किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठा. पुढं काही वर्षांनी दुसरी नस फुगू शकते, हेही आधीच सांगून ठेवतो.

मला काळजी तुमच्या काळ्या पडलेल्या कातडीची वाटती. याच जागी जखम होती आणि महिनोन् महिने भरत नाही, म्हणून दिवाळीनंतर बघू असं करू नका. खाजवू तर अजिबात नका.

तोवर घट्ट मोजे सकाळी उठल्या उठल्या घाला, रात्री काढा. उन्हाळ्यात आपल्याकडं नकोसे होतात, कळतं मला, तरी घाला. शुगर किंवा तंबाखू असेल तर पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय मोजे नकोत. दोन गिऱ्हाइकांच्या मधी टाचा वर-खाली करा, पोटरी दाबली की रक्त वर ढकललं जातं. आणि नस फुटून रक्त आलंच तर आडवं पडा, पाय वर धरा, कपड्यानं दाबून ठेवा, उभं राहू नका.