‘जे द्यायचं ते द्या’ म्हणू नकोस

‘नमस्कार ताई. मी ३६ वर्षांची आहे. एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. क्रोशाचं विणकाम शाळेत असताना आजीकडून शिकले आणि आजही रोज रात्री सगळं आवरलं की दीडेक तास सुई हातात घेतल्याशिवाय मला झोप येत नाही. बाळांची ब्लँकेट्स हा माझा हातखंडा. एकाला तीन आठवडे लागतात. आजवर सगळी भेट म्हणूनच दिली. आता बघेल त्याला हवं असतं, आणि सगळे म्हणतात, “अगं, विकत का नाहीस?”

मध्यंतरी नणंदेच्या मैत्रिणीने ब्लँकेट करून मागितलं. किती घेशील म्हणाली, तर मी म्हटलं, “जे द्यायचं ते द्या.” तिने दिलं त्यात लोकरसुद्धा सुटली नाही. आता तिच्या जावेलाही तसंच हवंय, तेवढ्याच पैशांत! नवरा म्हणतो, “तुझा वेळ छान जातो ना, मग पैशाचं काय एवढं?” मला मात्र याचा खरोखर धंदा करावासा वाटतो. लोकरीचे पैसे निघून वर थोडे मिळाले तरी पुरे. पण धाकधूकही आहे. जी गोष्ट मला शांत करते तिचंच ओझं झालं तर? नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू का? आणि पेज काढलं तर नाव काय ठेवू?
– रात्रीची विणकर’

प्रिय विणकर,

तू हिशेबाचं काम करतेस हे वाचून मला हसूच आलं. दुसऱ्यांची पै न पै जुळवून देणारी बाई स्वतःच्या कामाचे पैसे सांगायची वेळ आली की ‘जे द्यायचं ते द्या’ म्हणते! धंदा करू की नको, हा प्रश्न जरा बाजूला ठेव. आधी वही काढ आणि ऑफिसात करतेस तसाच याचाही हिशेब मांड.

तूच दिलेले आकडे घेते. रोज दीड तास, तीन आठवडे, म्हणजे एका ब्लँकेटला साधारण ३१ तास. रोजची रात्र धरली तर आठवड्याचे दहाएक तास होतात. सणवार, आजारपण, पाहुणे वगळून वर्षाचे ४८ आठवडे धर, म्हणजे ४८० तास. आता यातला एक तृतीयांश वेळ सरळ काढून टाक. धंदा म्हटला की लोकर आणायची, फोटो काढायचे, ‘गुलाबीऐवजी पिस्ता चालेल का’ असले मेसेज वाचून उत्तरं द्यायची, पार्सल बांधायचं, ते पाठवून यायचं. यातल्या कशातही एक टाका पडत नाही. उरले ३२० तास. भागिले ३१. वर्षाला दहा ब्लँकेट्स!

या आकड्याकडे नीट बघ. तुझ्या धंद्याचं भवितव्य त्यात आहे. लोक ‘विकत का नाहीस’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दुकानातला ढीग असतो. तुझ्याकडे ढीग कधीच होणार नाही, वर्षाला दहाच नग होतील. तेव्हा स्वस्तात खूप विकून पैसे मिळवायचा रस्ता तुझ्यासाठी बंदच आहे असं समज. जे मिळायचं ते या दहा नगांतूनच मिळायचं, मग प्रत्येक नगाचा दर तसा हवा.

दर काढायचा कसा? लोकर, त्यातली वाया गेलेली, वेष्टन, पाठवणी, फोनचा खर्च हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तास गुणिले तासाचा दर. तासाचा दर कुठून आणायचा, असा प्रश्न तुला पडेल. तुझा पगार भागिले महिन्याचे कामाचे तास, हा एक आकडा काढ. तुझ्या भागात हाताचं कसबी काम करणाऱ्या माणसाला तासाला काय पडतात, ते विचारून दुसरा आकडा घे. या दोन्हींच्या खाली तू जायचं नाहीस. या बेरजेवर थोडा नफा धर, कारण एखादी ऑर्डर रद्द होते, एखादं पार्सल हरवतं, आणि पुढची लोकर आधी स्वतःच्या खिशातूनच घ्यावी लागते. ‘लोकरीचे निघून वर थोडे’ हे वाक्य वहीत कुठेच बसत नाही. त्या हिशेबात ३१ तासांची किंमत शून्य धरलेली आहे.

असा दर काढलास की तो बघून तूच दचकशील. ‘एवढे कोण देणार?’ काही जण खरंच देणार नाहीत. अशा वेळी बहुतेक बायका तासाचा दर खाली आणतात आणि तिथेच धंदा संपतो, फक्त ते कळायला दोन वर्षं लागतात. तासाचा दर खाली आणू नकोस, वस्तूतले तास कमी कर. तुला मी सांगायला नको, क्रोशातला खांबाचा टाका हा मुक्या खांबाच्या बुटक्या टाक्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उंच असतो. तेच माप खांबात विणलंस तर ओळी निम्म्यावर येतात. जाड लोकर आणि मोठी सुई घेतलीस तर आणखी कमी. नक्षीचं, ३१ तासांचं ब्लँकेट ज्याला परवडतं त्याच्यासाठी ठेव. त्याच्या जोडीला बारा तासांत होणारं साधं ब्लँकेट आणि दोन तासांत होणारी टोपी, असं काहीतरी तयार ठेव. बहुतेक गिऱ्हाइकं आधी टोपीच घेतात. हात कसा आहे हे तिच्यावरून बघतात आणि मोठ्या वस्तूसाठी नंतर येतात.

आता ओझ्याबद्दल. ही भीती उगाच नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं मोकळी ठेवली, तेव्हा बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला मात्र धक्का लागला नव्हता. लहान मुलांवरून मोठ्या माणसांचं सगळं ठरवू नये, आणि मोबदला घेऊनही आयुष्यभर कामात रमलेली माणसं आपण बघतोच. पण ‘हे केलं की ते मिळणार’ असं आधी ठरलं की हातातल्या कामाचा रंग बदलू शकतो, एवढं धरून चाल.

त्यामुळे सगळ्या रात्री विकू नकोस. आठवड्यातल्या दोन रात्री तुझ्या. त्या रात्री ऑर्डरचं काम हातात घ्यायचं नाही. नवी नक्षी करून बघ, उसव, अर्धवट टाकून दे, कोणाला दाखवायचीही गरज नाही. हिशेबात हे बसतं का? बसतं, पण त्याची किंमत आहे. पाच रात्रींचे वर्षाला ३६० तास, त्यातला तिसरा हिस्सा इतर कामांचा, उरले २४०. म्हणजे दहाऐवजी सातच ब्लँकेट्स. मला विचारशील तर सात पुष्कळ झाली. शिवाय तुझ्या नव्या नक्ष्या त्या दोन रात्रींतूनच येतील. दुसऱ्याच्या नमुन्यावरून विणून विकायचं असेल तर त्याने विक्रीची परवानगी दिली आहे का, हे तपासावं लागतं. कार्टूनमधली प्रसिद्ध पात्रं तर विकायला विणूच नयेत. स्वतःची नक्षी असली की ही कटकट नाही.

नणंदेची मैत्रीण आणि तिची जाऊ. नात्यातल्या आणि ओळखीतल्या माणसांसाठी दोनच खाती ठेव, भेट आणि विक्री. भेट द्यायची तर मनापासून दे आणि एक पैसा घेऊ नकोस. विक्री असेल तर पूर्ण दर घे. ‘घरचीच माणसं’ म्हणून जो अर्धामुर्धा दर लावतात, त्याने दोन्हीकडून खट्टू व्हायला होतं. तिला वाटतं आपण पैसे दिले, तुला वाटतं आपण फसलो. जावेचा निरोप आला की एवढंच सांग: ‘मागचं मी दर न ठरवता दिलं होतं. आता ऑर्डरी घेते. याचे इतके होतील, निम्मे आधी लागतील, सहा आठवड्यांनी मिळेल.’

आणि मग गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे. दर सांगितल्यावर समोर जी शांतता पसरते ती आपल्याला सोसत नाही. मग आपणच बोलतो, ‘पण तुम्हाला जास्त वाटत असेल तर...’ ते वाक्य गिळ. समोरची व्यक्ती मनात आपला हिशेब करत असते, तिला करू दे. ती ‘विचार करून सांगते’ म्हणाली तर ‘हो, सावकाश सांगा’ म्हण. नाहीच म्हणाली तर तुझे ३१ तास वाचले.

होकार आला तर माप, रंग, तारीख, पैसे हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठव आणि तिचा ‘ठीक आहे’ आल्याशिवाय पहिली साखळी घालून विणायला सुरुवात करू नकोस. रंग बदलायचा तर सुरुवातीच्या आठवड्यातच, हेही त्यात लिही. निम्मे पैसे आले की त्या ऑर्डरची सगळी लोकर एकदम आण. लेबलवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना हे दुकानातच बघून घे. भेटीच्या ब्लँकेटमध्ये शेवटची वीत किंचित गडद आली तर कोणी बोलत नाही. पैसे मोजलेलं माणूस खिडकीपाशी उजेडात धरून बघतं.

तू बाळांसाठी विणतेस, म्हणून इथे थोडं कडक बोलते. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंथरुणात सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी ठेवू नयेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. तू विकणार ती वस्तू मांडीवर, बाबागाडीत, जाग्या बाळाजवळ, मोठ्यांच्या नजरेसमोर वापरायची आहे. प्रत्येक पार्सलमध्ये हे छापलेलं कार्ड घाल. विक्री कमी होईल असं वाटून टाळू नकोस. मोठ्या भोकांची जाळीची नक्षी टाळ, त्यात इवली बोटं अडकतात. धाग्याची टोकं नीट आत ओवून टाक. पुढे कधी खेळणी विणलीस तर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लास्टिकचे डोळे आणि बटणं लावू नकोस, दोऱ्याने भरून काढ. बऱ्याच देशांत सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात. तिच्यात मावणारा तुकडा मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. त्याच कार्डावर धुण्याची पद्धतही लिही. अस्सल लोकर गरम पाण्यात आटते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की ते कायमचं लुळं पडतं, आणि मग दोष विणणारीच्या माथी येतो.

नोकरी? इतक्यात नाही. पूर्ण वेळ केलंस, आठवड्याला चाळीस तास, तरी वरच्याच हिशेबाने वर्षाला एकेचाळीस ब्लँकेट्स होतील. तेवढी गिऱ्हाइकं दर वर्षी शोधायची, आणि मनगट आणि अंगठा ते सोसतील का हेही बघायचं. वर्षभर पाच रात्रींचं गणित चालव. धंद्याचे पैसे घरखर्चात मिसळू नकोस, वेगळं खातं उघड. नोंदणी आणि कराचे नियम ठिकाणागणिक बदलतात, ते तिथल्याच जाणत्याला विचार. नोकरीत असताना जोडधंदा चालतो का, हे तुझ्या नेमणुकीच्या कागदात बघून ठेव. ऑर्डरी वाढून तारखा पुढे जायला लागल्या तर नोकरीआधी दर हलव. दर वाढवूनही रांग कमी झाली नाही, तर मला परत लिही.

नवऱ्याशी वाद घालू नकोस. तीन महिन्यांनी वही त्याच्यापुढे ठेव. वेळ कसा ‘जातो’ ते त्यालाही दिसेल, आणि पार्सल टाकून यायचं काम त्याच्याकडे देता येतं का, तेही तेव्हाच ठरवा.

राहिलं नाव. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता यावं, असं छोटं नाव घे. त्यात ‘ब्लँकेट’ किंवा ‘बेबी’ घालू नकोस, उद्या मोठ्यांच्या शाली विणाव्याशा वाटल्या तर अडचण व्हायची. नक्की करण्याआधी त्या नावाचं दुसरं कुणाचं पेज नाही ना, तेवढं शोधून बघ.

– ताई